कागदावर होतं तेच

कॉलेजात मला माझ्यामागे ‘कुकर’ म्हणतात, हे मला ठाऊक आहे. तीन शिट्ट्या झाल्या की समोरचा शिजलाच, असं पोरांचं म्हणणं. मी ऊर्जा प्रयोगशाळेची प्रमुख आहे, वय सत्तेचाळीस, आणि राग कायम नाकावर. हा सगळा प्रकार माझ्या रागामुळेच लांबला, म्हणून ते आधीच सांगून टाकते. दुसऱ्या कोणी सांगण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं.

प्रयोगशाळा म्हटल्यावर फार काही डोळ्यांसमोर आणू नका. जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर दोन खोल्या आहेत. एकीत टेबलं, कागदांचे गठ्ठे आणि एक संगणक, जो सुरू होईपर्यंत चहा करून पिऊन होतो. दुसरीत जमिनीत बांधलेला सिमेंटचा हौद, हौदावर पंप, पंपातून निघालेला पाइप आणि पाइपच्या तोंडाशी आमचं चाक. चाकाच्या कडेला गोलाकार अठरा पितळी वाट्या बसवलेल्या. पाइपातून बोटाएवढी धार जोरात सुटते, एकेका वाटीवर आदळते, चाक फिरतं आणि त्याला जोडलेलं जनित्र वीज तयार करतं. डोंगरातल्या ज्या वस्त्यांपर्यंत विजेच्या तारा पोचल्या नाहीत पण झरे आहेत, तिथे हे चाक बसवायचं, एवढी साधी आमची इच्छा. साध्या इच्छेला नऊ वर्षं लागली.

यातली शेवटची पाच वर्षं ‘दशांश’ची. ही माझी पीएचडीची विद्यार्थिनी. वडील हमरस्त्यावर टायरचं पंक्चर काढतात, ही आधी डिप्लोमा करून नोकरीला लागली, मग नोकरी सोडून डिग्रीला आली आणि तिथून माझ्या तावडीत सापडली. हॉस्टेलच्या मुलींनी तिचं नाव दशांश ठेवलं, कारण तिला ‘साधारण’ हा शब्द उच्चारताच येत नाही. बस किती वाजता येते असं विचारलं तर म्हणेल, “गेल्या आठवड्यात सरासरी आठ वाजून सतरा मिनिटांनी.” चहात साखर किती, तर सव्वा चमचा. असं माणूस घरात असलं तर वेड लागेल, पण प्रयोगशाळेत सोन्यासारखं.

आणि चाक घडवलं ते फिटरकाकांनी. अंगणापलीकडे कॉलेजचं वर्कशॉप आहे, तिथे ते चौतीस वर्षं फिटर आहेत. पहिल्या वर्षाच्या प्रत्येक पोरापोरीनं आयुष्यातली पहिली कानस त्यांच्याच समोर चालवली. वर्कशॉपच्या दारात पाऊल टाकलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, “पेन्सिल आणलीस का?” न आणणाऱ्याला आधी बोलणी आणि मग त्यांच्याच कानामागची पेन्सिल. मीही अठराव्या वर्षी ती बोलणी खाल्ली आहेत. तेव्हा ते मला ‘तू’ म्हणायचे, ‘ए शिष्टे’ म्हणायचे. मी इथेच प्राध्यापक होऊन आले त्या दिवसापासून ‘मॅडम’ आणि ‘तुम्ही’ सुरू झालं. मी महिनाभर भांडले. ते म्हणाले, “खुर्चीचा मान असतो, मॅडम.” ते मला अजून लागतं. पंधरा वर्षं झाली तरी लागतं.

तर, दशांशच्या प्रबंधाचा सगळा डोलारा एका आकड्यावर उभा होता. एकाहत्तर पूर्णांक चार. म्हणजे पाण्याच्या धारेत शंभर भाग ताकद असेल तर त्यातल्या एकाहत्तर पूर्णांक चार भागांची वीज होते. एवढ्याशा चाकाला हा आकडा फार चांगला. आम्ही लेख छापला, सरकारी ऊर्जा खात्याला तो आवडला, आणि खात्यानं तिचं ड्रॉइंग एका कारखान्याला देऊन बारा वस्त्यांसाठी बारा चाकं करवून घेतली. यंत्रावर कापलेली, चकचकीत, ड्रॉइंगशी केसाचाही फरक नाही. पहिलं चाक आम्ही हौदावर चढवलं, पंप लावला आणि मोजलं.

त्रेपन्न.

दुसरं चढवलं, बावन्न पूर्णांक सात. तिसरं, चौथं, सगळी भावंडं एकाच वळणाची. आमचं जुनं चाक परत चढवलं की पुन्हा एकाहत्तर. दशांशनं सगळे आकडे वहीत लिहिले आणि वहीकडे बघत बसली. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

खात्यातून बातमी फुटायला कितीसा वेळ लागतो. प्रबंध तपासणाऱ्या बाहेरच्या परीक्षकांचं पत्र आठवडाभरात आलं. चार ओळी. कारखान्यात बनलेलं चाक माझ्यासमोर चालवून प्रबंधातला आकडा दाखवावा. तीन आठवड्यांनी येत आहे. न दाखवता आल्यास प्रबंध स्वीकारता येणार नाही, आणि मूळ आकडे कसे मिळाले याची चौकशी करावी लागेल.

त्या शेवटच्या ओळीचा अर्थ आमच्या धंद्यात एकच. पोरगी खोटारडी. पाच वर्षं गेली, डिग्री गेली, आणि नावाला जो डाग लागला तो कुठल्याही साबणानं निघायचा नाही.

इथे मी काय करायला हवं होतं? तिच्या पाठीवर हात ठेवायला हवा होता. त्याऐवजी उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हणाले, “खरं सांग, हे आकडे आणलेस कुठून?”

ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

“मोजून,” ती म्हणाली.

पेनाला टोपण लावलं, वही मिटली आणि त्यानंतर माझ्याशी कामापुरतं बोलायला लागली. कामापुरतं म्हणजे फक्त आकडे.

पहिला आठवडा आम्ही कारखान्याच्या चाकातला दोष शोधण्यात घालवला. बेअरिंग बदलली, जनित्र बदललं, धारेचं तोंड बदललं, वाट्यांचं पितळ तपासून आणलं. दोष सापडेना, कारण दोष नव्हताच. चाक ड्रॉइंगबरहुकूम होतं. आता हसू येतं, पण त्या आठवड्यात एवढ्या शिकलेल्या दोघींच्या डोक्यात एक गोष्ट आली नाही, की जे चाक उत्तम चालतंय ते मोजावं. जे बरं चाललंय त्याला कोण मोजतं? काखेत कळसा आणि गावाला वळसा.

ती गोष्ट माझ्या डोक्यात घातली सासूबाईंनी, तीही नकळत.

सासूबाई घरी शिवणकाम करतात. माझ्या मुलीच्या शाळेच्या कार्यक्रमासाठी फ्रॉक शिवायचा होता आणि मी माझं शास्त्र पाजळलं होतं. पोरीला उभं करून खांदा, छाती, कंबर मिलिमीटरमध्ये मोजून, आकृती काढून कागद त्यांच्या हातात दिला होता. रविवारी सकाळी पोरगी फ्रॉक घालून आली. अंगावर असा बसला होता की नाव ठेवायला जागा नाही. मी म्हणाले, “बघा, मापं नीट घेतली की कसं होतं.”

सासूबाई सुईत दोरा ओवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “तुझा कागद होय? तो मी तेव्हाच मशीनच्या ड्रॉवरमध्ये टाकला. तुझ्या मापानं शिवला असता तर पोरीला हात वर करता आला नसता. मी तिला बघूनच बेतला.”

“मग मला सांगितलं का नाहीत?”

“तू एवढी मन लावून आकृती काढलीस. तुझं मन कशाला मोडू?”

माझ्या हातात चहाचा कप होता. तो मी खाली ठेवला आणि नवऱ्याला म्हणाले, मी कॉलेजात जाऊन येते. तो म्हणाला, आज रविवार आहे. मी चप्पल घालून बाहेरसुद्धा पडले होते.

प्रयोगशाळेचं कुलूप उघडून मी जुनं चाक टेबलावर घेतलं आणि बारीक मापं घेणारा व्हर्नियर लावला. वाट्यांची उंची बरोबर, खोली बरोबर, कोन बरोबर. मग खाच. प्रत्येक वाटीच्या बाहेरच्या कडेला मधोमध एक खाच असते, म्हणजे वाटी धारेसमोर येताना तिची कड आधीच धारेत आडवी येऊन पाणी उधळत नाही. ड्रॉइंगमध्ये ही खाच बावीस मिलिमीटर रुंद होती. चाकावर सत्तावीस भरली. दुसरी वाटी, सत्तावीस. मी अठराच्या अठरा मोजल्या. सगळ्या सत्तावीस. खाचेच्या आतल्या कडेवर अर्धगोल कानशीचे बारीक ओरखडे होते, शेवटी पॉलिश कागद फिरवून हलके केलेले. हा हात मी ओळखते.

सोमवारी मी आधी दशांशला बोलावलं. चाक समोर ठेवलं आणि म्हणाले, “माझं चुकलं. मी तुला असं विचारायला नको होतं. मला माफ कर.”

“सहा दिवस आणि चार तास, मॅडम,” ती म्हणाली. मग तिनं स्वतः अठराही खाचा मोजल्या, आणि तेव्हा मात्र थोडी रडली.

मी अंगण ओलांडून वर्कशॉपमध्ये गेले. फिटरकाका व्हाइसमध्ये, म्हणजे बाकावरच्या शिकंज्यात, कुणाचा तरी लोखंडी तुकडा पकडून उभे होते. मी विचारलं, “काका, दशांशच्या चाकाच्या खाचा तुम्ही वाढवल्या का?”

“नाही,” ते म्हणाले. “कागदावर होतं तेच केलं.”

“कागदावर बावीस आहे. चाकावर सत्तावीस भरतेय.”

“पाण्यानं झिजलं असेल.”

“अठराच्या अठरा वाट्या, सारख्या?”

“पाणी सगळ्यांना सारखंच की, मॅडम,” असं म्हणून ते कानस चालवायला लागले. ताकास तूर लागू देईनात.

मी तिथून निघाले ती प्राचार्यांच्या खोलीबाहेरच्या काचेच्या कपाटापाशी येऊन थांबले. त्यात पारितोषिक मिळालेले जुने प्रकल्प ठेवलेले असतात. वरच्या कप्प्यात माझा आहे, आठ पात्यांचा पवनपंप, वाऱ्यावर पाणी उपसणारा. शेवटच्या वर्षाचा. त्यावर मला सुवर्णपदक मिळालं, पदकावर पुढचं शिक्षण, शिक्षणावर ही नोकरी. त्याचं ड्रॉइंग माझ्या घरी गुंडाळून ठेवलेलं आहे आणि कपाटाची किल्ली माझ्याच ड्रॉवरमध्ये असते. मी किल्ली काढली नाही. माझी हिंमत झाली नाही, हे स्पष्टच सांगते.

काका बधत नव्हते, म्हणून मी सापळा लावला. एका कोनी पट्टीचं ड्रॉइंग काढलं, पाइप भिंतीला धरून ठेवणारी साधी पट्टी, आणि तिच्यात मुद्दाम एक भोक अशा जागी दाखवलं की बोल्ट बसवताना पाना फिरणारच नाही. खाली ठळक लिहिलं, ‘ड्रॉइंगप्रमाणेच करावे’. गुरुवारी पट्टी आली. घासून गुळगुळीत, कडा मारलेल्या. भोक सात मिलिमीटर सरकलेलं. पाना सुखानं फिरत होता.

पट्टी आणि ड्रॉइंग दोन्ही मी त्यांच्यासमोर ठेवलं. ते दोन्हीकडे बघत राहिले, मग माझ्याकडे.

“मुद्दाम चूक केली होती होय?”

“हो.”

“मला वाटलंच. तुमची असली चूक व्हायची नाही आता,” ते म्हणाले. त्यातलं ‘आता’ मी ऐकलं.

“काका, किती वर्षं चाललंय हे?”

त्यांनी हात पुसले. पुसायला फार वेळ लावला. “पहिल्यापासून. चुकीचं दिसत असताना तसंच करायचं म्हणजे हात धजत नाही, मॅडम. पोरगं महिना महिना खपून ते ड्रॉइंग काढतं, दोन्ही हातांनी धरून आणतं. त्याला म्हणायचं, तुझं चुकलंय? एवढंसं तोंड होतं पोराचं. त्यापेक्षा कानस चार वेळा जास्त फिरवलेली काय वाईट? त्याला काय पाहिजे ते मला कळलेलं असतं. मग कागदाला काय विचारायचं?”

माझ्या मनात हिशेब सुरू झाला. दर वर्षी पन्नास-साठ प्रकल्प, चौतीस वर्षं. दोन हजारांच्या घरात इंजिनिअर आपलं ड्रॉइंग बरोबर होतं अशा समजुतीत जगात गेले. कुणी पूल बांधत असेल, कुणी बॉयलर. एरवी अशा वेळी माझी तिसरी शिट्टी झाली असती. पण मला राग आलाच नाही. मला त्यांचा हात धरावासा वाटला.

“आणि सोमवारी खोटं का बोललात?”

“मी कबूल केलं असतं तर लोक म्हणाले असते, चाक फिटरनं बनवलं, पोरीनं नाही. तिची डिग्री गेली असती.”

“कबूल केलं नाहीत तर ती खोटी ठरतेय, काका. ड्रॉइंगप्रमाणे केलेलं चाक त्रेपन्न देतंय. लोक म्हणतायत तिनं एकाहत्तर मनानं लिहिलं.”

हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. ते मागे सरकून स्टुलावर बसले. त्यांना दिवसा स्टुलावर बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

“मग आता?” त्यांनी विचारलं.

“आता तुमच्या हाताला जे कळतं ते तिला मोजून द्या.”

बोलायला सोपं होतं. पुढचे आठ दिवस दोघं एकमेकांच्या खनपटीला बसले. कारखान्याचं एक चाक प्रयोगासाठी बाजूला काढलं. काका सांगायचे, धार वाटीत शिरताना ‘थप्प’ असा आवाज यायला नको, नुसता ‘सर्र’ असा यायला हवा, आणि पाणी मागे उडायला नको. कुठवर घासायचं, तर थप्प जाईपर्यंत. एवढंसं.

“एवढंसं म्हणजे किती?” दशांश.

“एवढंसं म्हणजे एवढंसं,” काका, अंगठा नि तर्जनी दाखवून.

ती त्या चिमटीतलं अंतर व्हर्नियरनं मोजायची. काका चिडायचे. त्यांना चिडलेलं बघून मला फार बरं वाटायचं, कारण चिडायचा मक्ता आजवर माझ्याकडेच होता.

त्यांनी एक-एक मिलिमीटरनं खाचा वाढवल्या. तेवीस केल्या, चाक चढवलं, मोजलं. चोवीस केल्या, पुन्हा मोजलं. आकडा चढत गेला. पंचवीसला पासष्ट, सव्वीसला एकोणसत्तर, सत्तावीसला एकाहत्तर. तिथे काकांनी कानस खाली ठेवली.

“झालं.”

“अठ्ठावीस करायचंय,” दशांश म्हणाली.

“आता याच्यापुढे चुकीचं आहे.”

“चुकीचं आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, काका. किती चुकीचं ते मला लिहायचंय. नाहीतर मी सत्तावीसवर थांबले ते कशावरून, असं विचारतील.”

“मी नाही करणार.”

तिनं कानस उचलली आणि स्वतः घासायला लागली. काका खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. चांगल्या झालेल्या वाट्या बिघडताना त्यांना बघवेना. अठ्ठावीसला आकडा एकोणसत्तरवर आला, एकोणतीसला सहासष्टवर. तिनं आलेखाच्या कागदावर ठिपके जोडले आणि सत्तावीसवर नीट टेकडी उभी राहिली. काका हळूच येऊन तिच्या खांद्यावरून बघू लागले. चौतीस वर्षं हातात असलेली गोष्ट त्यांनी पहिल्यांदा कागदावर पाहिली असावी. चूक कुठे होती तेही निघालं. मोठ्या चाकांचं सूत्र तिनं या लहान चाकाला लावलं होतं. ते सूत्र मीच तिला शिकवलं होतं.

प्रश्न एकच उरला. परीक्षकांपुढे खाच कोण घासणार? काका म्हणाले, मी आदल्या दिवशी करून ठेवतो, कुणाला कळणार नाही. आम्ही दोघींनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते म्हणाले, “बरं, राहिलं.”

परीक्षक दहा वाजता आले. कृश गृहस्थ, घट्ट मिटलेले ओठ, चहाला नाही म्हणाले. दशांशनं कारखान्याचं एक नवंकोरं चाक त्यांच्या हातात दिलं, त्यांना मोजू दिलं, चढवलं, चालवलं. त्रेपन्न पूर्णांक एक. ते म्हणाले, “म्हणजे प्रबंधातला आकडा चुकीचा.”

“आकडा बरोबर आहे, सर. ड्रॉइंग चुकीचं होतं,” ती म्हणाली. “कुठे चुकलं आणि कोणी सुधारलं ते सांगते. मग हेच चाक तुमच्यासमोर दुरुस्त करते.”

तिनं सांगितलं. टेकडीचा कागद पुढे ठेवून, काकांकडे बोट दाखवून, काही न लपवता. मग चाक उतरवून वर्कशॉपमध्ये नेलं, व्हाइसमध्ये पहिली वाटी धरली आणि अर्धगोल कानस उचलली. काका पुढे होऊ लागले तेव्हा परीक्षकांनी हात आडवा केला. “त्यांनी करू नये. ड्रॉइंग जिच्या नावावर आहे तिनं करावं.”

अठरा वाट्या, एकेकीला दहा-बारा मिनिटं. तीन तासांहून जास्त ती उभी होती. परीक्षक स्टुलावर बसून बघत होते. सातव्या वाटीला तिची कानस जरा तिरकी गेली. मला ते कळलं नाही, पण शेजारी काकांचा श्वास अडकला ते कळलं. तिच्यापासून दोन ढांगांवर होते ते. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी डाव्या हातानं स्वतःचं उजवं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं, बोटं पांढरी होईपर्यंत. तिनं व्हर्नियर लावला, थांबली, कानस उलटी फिरवून कड सरळ केली आणि आठवी वाटी धरली. काकांनी मनगट शेवटपर्यंत सोडलं नाही.

अडीच वाजता चाक पुन्हा हौदावर चढलं. पंप सुरू झाला. थप्प नव्हतं, सर्र होतं. काकांनी डोळे मिटून ऐकलं आणि त्यांचे खांदे खाली आले. मला आकड्याची गरज उरली नाही, पण परीक्षकांना होती.

“सत्तर पूर्णांक आठ,” दशांशनं वाचलं.

“प्रबंधात एकाहत्तर पूर्णांक चार आहे,” परीक्षक म्हणाले.

“तो काकांच्या हाताचा आहे, सर. हा माझ्या.”

परीक्षकांनी तिच्या तळव्यांकडे पाहिलं. दोन ठिकाणी फोड फुटले होते. मग त्यांनी प्रबंधाच्या पहिल्या पानावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, “खाचेचं एक प्रकरण नव्यानं जोडा. टेकडी दाखवून. त्यात यांचं नाव घाला.” आणि चहा आहे का, असं विचारलं.

दशांशनं हॉस्टेलच्या फोनवरून वडिलांना कळवलं. मी शेजारीच होते. “पास झाले, बाबा,” एवढंच म्हणाली. आकडा सांगितला नाही. पाच वर्षांत पहिल्यांदाच तिनं आकड्याशिवाय एक वाक्य पुरं केलं.

चारच्या सुमाराला सगळे पांगले. मी ड्रॉवरमधून किल्ली काढली, कपाट उघडलं आणि माझा पवनपंप दोन्ही हातांनी धरून अंगण ओलांडलं. काका बाकावरचा पितळेचा कीस ब्रशनं गोळा करत होते. मी पंप त्यांच्यासमोर ठेवला.

“काका, याचं ड्रॉइंग माझ्याकडे अजून आहे. मी मोजून बघितलेलं नाही. तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं होतं?”

त्यांनी बाहीनं त्यावरची धूळ पुसली. एका पात्याला बोट लावलं. पंचवीस वर्षांनीही पातं आवाज न करता फिरलं, त्याच्या मागोमाग दांडा वरखाली झाला. खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं, त्यांनी म्हणावं, कागदावर होतं तेच केलं. एकदाच म्हणावं. मी पुन्हा विचारणार नाही.

काकांनी दाराकडे पाहिलं. अंगणात कोणी नव्हतं. त्यांनी पायानं स्टूल माझ्याकडे सरकवलं.

“बस,” ते म्हणाले. “पेन्सिल आणलीस का?”

मी आणली नव्हती. नुसती मान हलवली. त्यांनी कानामागची काढून माझ्या हातात दिली.

“आणि कागद मोठा घे.”